सात नंबर, अर्धा वजा

निरोप तसा साधाच होता. मोठ्या सिस्टर लिफ्टच्या जाळीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "वरखाली, जरा तळघरात जाऊन त्या कॉम्प्युटरवाल्या पोरीला सांगा, चार वाजायच्या आत सात नंबरचा अलार्म गप्प झाला पाहिजे. नाहीतर मी स्वतः वायर उपटून टाकते. तिथं फोन लागत नाही म्हणून तुम्हाला त्रास."

"त्रास कसला, सिस्टर. खाली जाणं हेच तर माझं काम," काका म्हणाले.

हॉस्पिटलात त्यांना सगळे वरखाली काकाच म्हणत. एकतीस वर्षं एकच लिफ्ट चालवली, मग दुसरं काय म्हणणार. अक्षरं त्यांना वाचता येत नसत. आकडे येत, तेही दारावरच्या दिव्यांनी शिकवलेले. तळघराचा दिवा, मग एक, दोन, तीन, चार. चारच्या वर दिवा नव्हता, कारण चारच्या वर मजलाच नव्हता. तिथं फक्त लिफ्टच्या मोटारीची खोली.

निरोप साधा असला तरी काकांच्या छातीवर तो जड बसला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या सात नंबरच्या काचेच्या पेटीत त्यांची नात होती. सातव्या महिन्यात जन्मलेली, नऊ दिवसांची. काकांचा जेवणाचा डबा भरला की तिच्यापेक्षा जड व्हायचा. बाकीच्या सहा पेट्या जुन्या. सातवी गेल्या आठवड्यात आलेली, नवीकोरी, चकचकीत. लेकीला सगळ्यांनी सांगितलं, नशीबवान आहेस हो, पोरीला नवी पेटी मिळाली.

आणि आज सकाळपासून तीच पेटी ठणाणा करत होती. पाच वेळा अलार्म झाला. पाचही वेळा सिस्टर धावल्या, पेटीवरचा आकडा बघितला, छत्तीस पॉइंट चार, आणि हसून म्हणाल्या, "खोटं आहे हो, आजोबा. गारठली असती तर आकडा पडला असता." पाचही वेळा काकांचा जीव भांड्यात पडला. सहाव्या वेळी अलार्म झाला तेव्हा मात्र कुणी धावलंच नाही. एक नर्स बसल्या जागेवरून म्हणाली, "तेच ते." काकांना ते बरं वाटलं नाही. का वाटलं नाही, ते त्यांना सांगता आलं नसतं.

दुपारचे सव्वादोन झाले होते. बाहेर लख्ख ऊन होतं, पण तळघराला दुपार काय आणि सकाळ काय. जाळी सरकवून काका बाहेर आले. लांबलचक बोळ, वर दोन ट्यूब, त्यातली एक सारखी डोळे मिचकावणारी. भिंतीतून जाड पाइप गेलेले, त्यांच्यातून पाणी घशात अडकल्यासारखं गुळगुळत होतं. ओलीचा वास, फिनेलचा वास, आणि टोकाच्या खोलीजवळ गरम धुळीचा वास.

टोकाची खोली नानांची. म्हणजे एकेकाळी नानांची. नाना हॉस्पिटलची यंत्रं सांभाळत. पेट्यांचं तापमान वाचून अलार्म देणारा प्रोग्राम त्यांनीच लिहिलेला. त्यांना दोन सवयी होत्या. एक, महत्त्वाची वस्तू उंचावर ठेवायची. किल्ली दाराच्या चौकटीवर, चष्मा कपाटाच्या माथ्यावर. खाली ठेवलेलं कुणीही ढकलतं, म्हणायचे. दुसरी, यंत्राचा आकडा कुणी सांगितला की विचारायचे, "हात लावून बघितला का?" नर्सेस वैतागायच्या. दुपारी ते संत्रं सोलायचे आणि बिया एकेक करून पत्र्याच्या झाकणात टाकायचे. टण्. टण्. आठ महिन्यांपूर्वी अशाच एका दुपारी ते त्यांच्या खुर्चीतच गेले. हातात अर्धं सोललेलं संत्रं होतं. त्यांना वर न्यायला काकांनीच लिफ्ट आणली होती.

खुर्ची अजून कोपऱ्यात होती. कॉम्प्युटरवाली पोर तिच्यावर बसत नसे. आपलं स्टूल ओढून घेई.

"या म्हणायच्या आधीच सांगते, काका," मान वर न करता पोर म्हणाली. "सिस्टरांनी पाठवलंय. वायर उपटीन म्हणाल्या असतील."

"उपटते म्हणाल्या," काका म्हणाले. "चारच्या आत."

पोर हसली, पण चेहरा ओढलेला होता. सकाळपासून जेवली नव्हती. काकांनी तिला पाण्याचा पेला भरून दिला आणि दाराशी बाकड्यावर टेकले. वर जाऊन तरी काय करायचं होतं? तो अलार्म ऐकत उभं राहायचं.

"झालंय तरी काय, पोरी? माझ्या डोक्यात शिरेल असं सांग."

"सांगते. बोलले की मलाही सुचतं." तिनं स्टूल वळवलं. "सातवी पेटी आली, म्हणून आज सकाळी नानांचा प्रोग्राम मला नव्यानं बांधायला लागला. तो बांधणारं एक टूल असतं. गवंडीच समजा. आणि गवंड्याला काय, कुठं, किती, हे सांगणारी एक चिठ्ठी असते, सेटिंगची फाइल. मी चिठ्ठीत लिहिलं, सात नंबर, वजा शून्य. म्हणजे पेटी जेवढा आकडा दाखवते तेवढाच खरा धर. आकडा छत्तीसच्या खाली गेला तरच अलार्म दे. पेटी दाखवते छत्तीस पॉइंट चार. मग अलार्म व्हायलाच नको ना?"

"नको."

"पण होतोय. मघाशी मी चिठ्ठीत मुद्दाम वेडंवाकडं लिहिलं. कायच्या काय. म्हटलं, टूल बोंब मारेल. तर त्यानं हूं का चूं केलं नाही, गुपचूप प्रोग्राम बांधून दिला." तिनं आवाज खाली आणला. "म्हणजे ते माझी चिठ्ठी वाचतच नाहीये, काका. दुसरीच कुठली तरी वाचतंय."

काकांनी खिशातली लिफ्टची चावी चाचपली. मग हळूच म्हणाले, "चिठ्ठी शोधायला ते सुरुवात कुठून करतं?"

पोर त्यांच्याकडे बघत राहिली.

"नाही, मी आपला अडाणी माणूस," काका म्हणाले. "पण मला कुणी तिसऱ्यावर बोलावलं आणि मी तळघरात असलो, तर मला तळघरातूनच निघावं लागतं. तू कुठं उभी राहून त्याला हाक मारतेस?"

पोरीनं कपाळावर हात मारला. "अगं बाई! मी नव्या फोल्डरमध्ये उभी आहे. चिठ्ठी शेजारच्या फोल्डरमध्ये आहे. हे टूल शेजारी डोकावत नाही, काका. जिथं उभं असेल तिथं बघतं, नाही मिळालं तर वरच्या फोल्डरमध्ये, मग त्याच्या वरच्या. फक्त वर चढत जातं, अगदी तुमच्या लिफ्टसारखं." ती उठून काकांच्या पायाच पडायची बाकी राहिली. "सकाळपासून मी मूर्खासारखी शेजारच्या घरात पत्र टाकत बसले!"

"मग मिटलं?"

"मिटलं. म्हणजे..." ती थबकली. "माझी चिठ्ठी त्याला मिळाली नाही हे कळलं. पण मग मिळाली ती कुणाची? वरच्या फोल्डरांत मी काहीच ठेवलेलं नाही. नानांच्या जुन्या चिठ्ठ्या तर मीच पुसल्या, ते गेल्यावर. माझ्या हातानं." तिनं कीबोर्डवर बोटं ठेवली. "थांबा. त्याला सांगते, काय काय बघतोस ते एकेक मोठ्यानं बोल."

टूल काही बोललं नाही, पण पडद्यावर ओळी येऊ लागल्या. पोर त्या वाचू लागली.

"इथं बघितली, नाही. वरच्या फोल्डरमध्ये, नाही."

बोळाच्या त्या टोकाला खळ्ळ असा आवाज झाला. लिफ्ट हलली होती. काकांनी दारातून मान बाहेर काढली. तळघराचा दिवा विझून एकचा लागला होता. त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला. लिफ्टची चावी खिशातच होती. चावीशिवाय ती हलत नाही.

"त्याच्या वर, नाही."

दोनचा दिवा लागला.

"त्याच्या वर, नाही..."

तीन.

"पोरी," काका म्हणाले, "जरा हळू वाच."

"मी नाही हो, तेच... हा सगळ्यात वरचा. इथंही नाही." चारचा दिवा लागला. पाइपांमधलं पाणी गप्प झालं. खोलीतल्या यंत्रांचा घों घों आवाज तेवढा उरला. "याच्यावर काही नसतं, काका. हे छप्पर. इथं ते थांबायला हवं..."

चारचा दिवा विझला. काका वाट बघत राहिले. दुसरा कुठलाच दिवा लागला नाही. वर, फार वर, लिफ्टचा दोर कुरकुरत होता. लिफ्ट अजून चढत होती.

"अजून एक ओळ आली," पोर कुजबुजली. "नावाच्या जागी काहीच नाही. मोकळी जागा... आणि पुढे लिहिलंय, सापडली."

दोर थांबला.

"काय आहे त्या चिठ्ठीत?"

"फाइल उघडता येत नाहीये. पत्ताच नाही तिला. पण टूलनं काय वाचलं ते दाखवतंय." तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "एक ते सहा, वजा शून्य. सात नंबर... अर्धा वजा."

काकांनी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बघितलं नाही. बघायचं नाही असं ठरवूनच त्यांनी बघितलं नाही. "नाना होते तेव्हा पेट्या सहाच होत्या," ते म्हणाले.

"सहाच." पोरीनं ती ओळ पुन्हा एकदा वाचून बघितली. पण ती कामाची माणूस होती, आणि घड्याळात तीन वाजून गेले होते. "हे बघा काका, मला काही कळत नाहीये. पण ज्या चिठ्ठीला पत्ता नाही, तिच्यावर सात बाळांचा भरवसा कसा ठेवू? कंपनीनं लिहून दिलंय, पेटी बरोबर दाखवते म्हणून. मी माझ्या फोल्डरमध्ये उभी राहते, माझ्या चिठ्ठीनं प्रोग्राम पुन्हा बांधते, बिल्ड मारते."

तिचं बोलणं चुकीचं नव्हतं. तिनं वेडंवाकडं लिहिलेलं पुसलं, सात नंबर वजा शून्य असं पुन्हा लिहिलं आणि योग्य जागी उभी राहिली. टूलला पहिल्याच पायरीवर चिठ्ठी मिळाली. नवा प्रोग्राम तयार झाला, छत्तीस पॉइंट चारला गप्प बसणारा. तो तिनं पेन ड्राइव्हवर घेतला. दोघं बोळातून निघाली तेव्हा लिफ्ट खाली येऊन उभी होती, जाळी उघडी, जणू कुणी त्यांच्यासाठी धरून ठेवली होती.

काकांनी जाळी ओढली, तीनचं बटण दाबलं. एक गेला. दोन गेला. तीनचा दिवा लागला आणि विझला.

"काका, आपल्याला तीनवर..."

"दाबलंय, पोरी."

चारही गेला. आतला दिवा मंद होत होत काजव्याएवढा उरला. लिफ्ट एक हिसका देऊन थांबली. जाळीबाहेर भिंत असायला हवी होती. भिंत नव्हती. अंधार होता, आणि तो खोल होता, कारण त्यातून गार हवा येत होती. त्या हवेला वास होता. ताज्या सालीचा, आंबटगोड, बोटांना लागून राहतो तसला.

टण्.

पोरीनं काकांचा सदरा घट्ट धरला.

टण्.

पत्र्यावर बी पडल्याचा आवाज. मग खुर्ची वळल्याची कुरकूर. मग कुणीतरी, कंटाळलेलं नव्हे, रागावलेलं नव्हे, शंभर वेळा विचारलेलंच पुन्हा विचारावं तसं...

"हात लावून बघितला का?"

इतकी वर्षं ज्या माणसाशी काका दुपारी दोन शब्द बोलले, त्याला उत्तर न देणं त्यांना जमलं नाही.

"नाही, नाना," ते म्हणाले. "कुणीच नाही बघितला."

बाहेर काही हललं नाही. दिवा पुन्हा उजळला. लिफ्ट खाली निघाली आणि तीनवर येऊन अलगद थांबली, रोजच्यासारखी.

वॉर्डात सात नंबर ठणाणा करत होता आणि कुणी बघत नव्हतं. मोठ्या सिस्टर कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आलात? मला वाटलं खालीच मुक्काम ठोकला. आण गं तो प्रोग्राम."

पोरीनं पेन ड्राइव्ह मुठीत आवळला. दिला नाही.

"सिस्टर," काका म्हणाले. त्यांनी आजवर या वॉर्डात कुणाला काही सांगितलं नव्हतं. "एकदा हात लावून बघा."

"आजोबा, आकडा दिसतोय ना तुम्हाला? छत्तीस पॉइंट..."

"आकडा दिसतोय. तुमच्या पाया पडतो. हात लावून बघा."

सिस्टरांच्या चेहऱ्यावरचा वैताग हळूहळू उतरला. हे वाक्य त्यांनीही पुष्कळ वर्षं ऐकलेलं होतं. त्यांनी पेटीची खिडकी उघडली, हात आत घातला, आणि त्या चिमुकल्या तळव्यांना बोटं लावली.

"अगं आई," त्या म्हणाल्या. "थर्मामीटर आण. पळ! गार पडलीय पोर."

बगलेतल्या साध्या थर्मामीटरनं पस्तीस पॉइंट नऊ दाखवलं. पेटीच्या पडद्यावर छत्तीस पॉइंट चार तसाच झळकत होता. बरोबर अर्ध्या अंशाचा फरक. सकाळपासून पेटी स्वतःवर खूष होती आणि म्हणून ऊब वाढवत नव्हती.

पुढचं सगळं भराभर झालं. काकांच्या लेकीला बोलावलं, तिच्या उघड्या छातीवर बाळ ठेवलं, वरून दोन दुलया. डॉक्टर धावत आले. लेक रडतही नव्हती. दात घट्ट आवळून नुसती श्वास घेत होती, जणू बाळाचाही तीच घेत होती. साडेचार वाजता थर्मामीटर सव्वाछत्तीसवर आलं. साडेपाचला साडेछत्तीस. बाळानं तोंड उघडलं आणि ते मांजराच्या पिलासारखं, बारीक, चिडून रडलं.

"बाबा," लेक म्हणाली, आणि मग तिला रडू आलं.

"रात्रीपर्यंत हे असंच चाललं असतं तर हाती काही राहिलं नसतं," डॉक्टर म्हणाले. "कुणाच्या लक्षात आलं?"

सिस्टरांनी काकांकडे बघितलं. काकांनी कॉम्प्युटरवाल्या पोरीकडे. पोरीनं पेन ड्राइव्ह पुसून टाकला होता, आणि ती छताकडे बघत होती.

नंतर कंपनीचा माणूस आला, पेटीचा तापमापक सुधारून दिला, माफी मागून गेला. काकांची नात सव्वा महिन्यानं घरी गेली. गाल आलेत आता. कुणी कडेवर घेतलं की आधी त्याचा चष्मा ओढते.

काका त्या दिवसापासून एक करतात. सकाळी लिफ्ट सुरू केली की आधी रिकामीच चारवर नेतात, जाळी उघडतात, वर बघून हात जोडतात आणि नात बरी असल्याचं सांगतात. काल रांगली म्हणतात. दात येतोय म्हणतात. मग कामाला लागतात. भीती वाटत नाही का, असं सिस्टरांनी एकदा विचारलं. ज्यानं आपलं माणूस परत दिलं त्याची कसली भीती, असं म्हणून काका हसले.

त्या दुपारचं सगळं काकांनी आणि पोरीनं सिस्टरांना सांगितलं, पण एक गोष्ट सांगितलेली नाही.

पेट्यांचा प्रोग्राम अधूनमधून नव्यानं बांधावा लागतो. पोर आता आपली चिठ्ठी ठेवतच नाही. टूलला जी मिळते ती मिळू देते, आणि दर वेळी एकेक आकडा थर्मामीटरनं पडताळून बघते. आजवर चुकलेला नाही. फक्त, पहिल्या दिवशी चिठ्ठी छपराच्या वर सापडली होती. पुढच्या वेळी ती सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये सापडली. त्याच्या पुढच्या वेळी त्याच्या खालच्यात. कुणी हलवली नाही. दर वेळी एक पायरी खाली. आणि दर वेळी, टूल चालू असताना, बोळाच्या टोकाशी लिफ्ट आपण होऊन तेवढ्याच दिव्यापाशी जाऊन थांबते. गेल्या खेपेला एकचा दिवा लागला होता.

उद्या आठ नंबरची पेटी येणार आहे.

"काका, उद्या बिल्ड मारू की नको?" आज संध्याकाळी घरी जाताना पोरीनं विचारलं.

"मार की," काका म्हणाले. "बाळांचं काम आहे. कोपरा तेवढा झाडून ठेवतो."

ती गेली. काकांनी खोली झाडली, टेबल पुसलं, आणि फडकं घेऊन नानांच्या खुर्चीकडे वळले. दीड वर्षात तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. पुसता पुसता त्यांचा हात थांबला. फडकं बाजूला ठेवून त्यांनी तळवा बैठकीवर टेकवला, नाना सांगत तसा, नीट, घाई न करता.

खुर्ची कोमट होती. छत्तीस, साडेछत्तीस असेल.